पंचमी आणि दोन घरांची लेक

श्रावणातील एका दिवशी आमच्या प्रवराकाठच्या काळ्या रानात औत उभे राहते. पंचांगात त्या दिवसाचे नाव नागपंचमी. गावात मात्र नुसते 'पंचमी' म्हणतात. त्या दिवशी जमीन खणायची नाही, कुळव-कोळपे चालवायचे नाही, खुरपे हाती धरायचे नाही. घरात विळी आडवी घालून ठेवायची. काही चिरायचे नाही, कापायचे नाही, तळायचे नाही, चुलीवर तवा चढवायचा नाही. म्हणून त्या दिवशीचे पक्वान्नही उकडीचे. कणकेच्या पारीत पुरण घालून, चौकोनी घडी करून वाफवलेले दिंड. भिंतीवर नाहीतर पाटावर गंधाने किंवा हळदीने नागाची आकृती काढायची, तिला दूध, लाह्या, दूर्वा वाहायच्या. जवळपास वारूळ असेल तर बायकांनी मिळून तेथे जायचे. आणि संध्याकाळी लिंबाच्या फांदीला बांधलेले झोके. त्या झोक्यांसाठी सासरी गेलेल्या मुली माहेरी यायच्या आणि त्यांना आणायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून जायचा.

या सणाचा अर्थ काय, असे विचारले की हल्ली एक ठराविक उत्तर मिळते. साप उंदीर खातो, उंदीर धान्य खातो, म्हणून साप शेतकऱ्याचा मित्र आणि पंचमी म्हणजे त्या मित्राविषयीची कृतज्ञता! मी स्वतः अनेक वर्षे शाळेत शिकवले, मुलांच्या निबंधांत हे वाक्य शेकडो वेळा तपासले, आणि दर वेळी मनात आले की हे खरे असले तरी सणाचे खरे नव्हे. धामण उंदीर खाते हे कुणबी जाणतो. पण त्याने पंचमीच्या ज्या कथा सांभाळल्या, त्यांतील एकीतही उंदीर येत नाही. येते ते निराळेच. सणाचा अर्थ शोधायचा तर तो त्या कथांनाच विचारला पाहिजे.

पहिली कथा शेतकऱ्याची. नांगरताना फाळ वारुळात शिरतो आणि नागिणीची पिल्ले मरतात. त्याच्या मनात काही नव्हते. त्याला ते कळलेही नाही. नागीण परत येते, रक्ताने माखलेला फाळ पाहते आणि रात्री येऊन त्या घरातील सर्वांना दंश करते. तेवढ्याने तिचे समाधान होत नाही. शेतकऱ्याची एक लेक परगावी दिलेली असते. ती का उरावी म्हणून नागीण तिच्या घरी जाते. तेथे पाहते तो लेकीने पाटावर नाग-नागीण आणि त्यांची पिल्ले काढून पूजा मांडलेली, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवलेला. नागिणीचा राग जिरतो. ती लेकीला सारा प्रकार सांगते, अमृत देते. लेक धावत माहेरी जाते आणि मेलेले कुटुंब उठून बसते.

दुसरी कहाणी श्रावणात घरोघरी वाचली जाते ती धाकट्या सुनेची. थोरल्या सगळ्या जावा माहेरी गेलेल्या. हिला माहेरच नाही. तिच्या मनातली आस जाणून नाग मामाचे रूप घेतो आणि तिला न्यायला येतो. नागाच्या घरी ती राहते. नागीण बाळंत होत असताना हिच्या हाती दिवा दिलेला असतो. पिल्ले वळवळू लागताच ही भिते, दिवा खाली पडतो आणि पिल्लांच्या शेपट्या भाजतात. पुढे ही सासरी परतते. ती पिल्ले, लांडोबा आणि पुंडोबा, मोठी होतात, आपल्या तुटक्या शेपटीचे कारण आईला विचारतात आणि सूड घ्यायला निघतात. तो दिवस पंचमीचाच असतो. घरात डोकावून पाहतात तर ती बाई पाटावर त्यांचीच चित्रे काढून, आपले हे भाऊ असतील तेथे सुखी असोत, असे हात जोडून म्हणत असते. दंशासाठी आलेले भाऊ तिच्यासाठी रत्नांचा हार ठेवून निघून जातात.

तिसरी कथा थोरली, महाभारताच्या आरंभीची. परीक्षित राजाला तक्षक नाग दंश करतो. त्याचा पुत्र जनमेजय पित्याच्या मृत्यूचा सूड म्हणून सर्पसत्र आरंभतो. मंत्राच्या बळाने ओढले गेलेले साप हजारोंनी अग्नीत पडू लागतात. ज्यांचा परीक्षिताच्या मृत्यूशी काही संबंध नाही तेही जळतात. सूडाचा अग्नी अपराधी आणि निरपराध यांच्यात निवड करीत नाही, हे महाभारतकाराला पक्के ठाऊक असावे. कारण कुरुकुळाच्या संहाराची ती सारी कथा त्याच यज्ञाच्या मंडपात वैशंपायन सांगतो आहे. या यज्ञात आस्तिक नावाचा एक कोवळा ऋषिकुमार येतो, राजाला प्रसन्न करतो आणि वर म्हणून एकच गोष्ट मागतो : हे सत्र थांबव. परंपरा सांगते की ते थांबले तो दिवस पंचमीचा. आजही खेड्यांत साप दिसला की जुनी माणसे आस्तिकाचे नाव घेतात.

तिन्ही कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. नांगराचा फाळ, हातातून पडलेला दिवा, तक्षकाचा दंश, प्रत्येक ठिकाणी कोणी तरी दुखावले गेले आहे, आणि दुखावलेला सूडासाठी निघाला आहे. प्रत्येक ठिकाणी तो सूड अर्ध्या वाटेवर थांबतो. थांबवतो कोण? शेतकऱ्याची सासरी दिलेली लेक, म्हणजे जिची घरे दोन. नागाला मामा मानणारी सून. तिचीही घरे दोन, एक माणसांचे, एक नागांचे. आणि आस्तिक? त्याचा पिता जरत्कारू ऋषी, तर आई वासुकी नागाची बहीण. अग्नीत पडणारे त्याचे मातुल आणि आहुती देणारे त्याच्या पित्याच्या जातीचे. ज्याला दोन्हीकडचे रडणे ऐकू येते, त्यालाच यज्ञ थांबवण्याची बुद्धी होते. मला वाटते, पंचमीचे मर्म येथे आहे. नाग हे त्या दिवसाचे निमित्त. पूजा थांबलेल्या सूडाची आहे. म्हणून औत थांबते, विळी थांबते, तवा थांबतो, आणि लेक माहेरी येते.

हे भय काल्पनिक नव्हते आणि आजही नाही, हे विसरून चालणार नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आमच्या महाराष्ट्रात सर्वत्र बोलले जातात. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. आणि त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाची गणना उपेक्षित आजारांत केली. भारत सरकारने २०२४ मध्ये त्यावर राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. आमच्या भागात वीज रात्रीची असते. अंधारात उसाला पाणी द्यायला, दारे धरायला उघड्या पायांनी जाणाऱ्या माणसाला हे आकडे सांगावे लागत नाहीत. ऊसतोडीच्या टोळ्या पाचटात झोपड्या घालतात, त्यांच्या बायका पोरांना घेऊन जमिनीवर निजतात. ज्याच्यामुळे मरण येऊ शकते त्यालाच वर्षातून एक दिवस भाऊ म्हणणे, यात भाबडेपणा आहे असे मला वाटत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. ख्रिस्ती वाचकाच्या मनात सर्प म्हटले की एदेनची बाग उभी राहते. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले तेव्हापासून ही बाग मराठी ओवीतही आहे. आणि येथे फरक लपवण्यात अर्थ नाही. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात परमेश्वर सर्प आणि स्त्री यांच्यामध्ये वैर ठेवतो. पंचमीच्या कहाणीत स्त्री आणि सर्प बहीण-भाऊ होतात. दोन्ही कथांचा सूर एकच आहे असे म्हणणारा दोन्हींचा अनादर करतो. मात्र पवित्र शास्त्र सर्पाविषयी जे म्हणते ते तरी आपण पूर्ण वाचतो का? बागेतला सर्प बोलतो, खोटे बोलतो. त्याचा अपराध विषाचा नाही, वाणीचा आहे. प्रकटीकरणाने त्या प्राचीन सर्पाला सैतान म्हटले, आणि ख्रिस्तसभेने ते मानले. पण रानातला नाग बोलत नाही. तो त्याच परमेश्वराने निर्माण केलेल्या वनपशूंपैकी एक आहे, असे तोच अध्याय पहिल्या वाक्यात सांगतो. यशया संदेष्ट्याला मसीहाच्या राज्याचे स्वप्न पडले तेव्हा तान्हे मूल नागाच्या बिळाशी खेळताना त्याला दिसले. त्या राज्यात नाग नाहीसा झालेला नाही, वैर नाहीसे झाले आहे.

एकदा पंचमीच्या आधी शेजारची सात-आठ वर्षांची मुलगी आमच्या घरी आली आणि वेदीवरच्या पवित्र मरियेच्या मूर्तीकडे टक लावून पाहत राहिली. निष्कलंक गर्भधारणेची ती मूर्ती. माउलीच्या पायाखाली सर्प. पोरीने विचारले, "आजी, तुमच्या मातमाउलीने नागोबाला का तुडवलं? उद्या तर त्याची पूजा असते." तिच्या स्वरात तक्रार नव्हती, काळजी होती, नागोबा रागावेल आणि आम्हाला काही होईल अशी. मी तिला म्हणाले, "हा नागोबा नव्हे गं. हा खोटं बोलणारा एक होता, त्यानं सापाचं सोंग घेतलं होतं. माउलीनं त्या खोट्याला दाबून धरलंय." तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग खऱ्या नागोबाला तिनं काही केलं नाही ना?" नाही, असे मी सांगितले. तिचे समाधान झाले. सप्टेंबरात तीच मुलगी आईबरोबर हरेगावच्या मातमाउलीच्या यात्रेला आली होती. आमच्या जिल्ह्यात, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, त्यात नवल कोणालाच वाटत नाही. हरेगावला नवस बोलणाऱ्या आणि फेडणाऱ्या बायकांत कपाळावर कुंकू असणाऱ्या किती तरी असतात, आणि त्यांना कोणी तुमचा धर्म कोणता असे विचारल्याचे मी कधी ऐकले नाही.

पवित्र शास्त्रातील आणखी एका सर्पाचे काय करायचे, हा प्रश्न मात्र सोपा नाही. अरण्यात कुरकुर करणाऱ्या इस्राएली लोकांना साप डसू लागले, लोक मरू लागले. तेव्हा मोशेने परमेश्वराच्या आज्ञेनेच पितळेचा सर्प करून काठीवर उभारला, आणि त्याच्याकडे पाहणारे वाचले. प्रभू येशूने निकदेमाशी बोलताना आपल्या क्रूसाला याच सर्पाची उपमा दिली. ज्याने मरण आले त्याच्याच आकृतीकडे पाहून जीवन मिळाले, ही कल्पना आपल्यालाही परकी नाही! परंतु गोष्ट येथे संपत नाही. शतके लोटली, आणि हिज्कीया राजाच्या काळी लोक त्या पितळी सर्पाला धूप जाळू लागले होते. हिज्कीयाने तो फोडून टाकला. मोशेच्या हातची, देवाच्या आज्ञेने घडलेली वस्तू! खूण जेव्हा खुणावण्याचे सोडून स्वतःच देव होऊन बसते, तेव्हा ती फोडावी लागते. म्हणून मी वारुळावर जात नाही. शेजारणींना ते ठाऊक आहे. त्या मला बोलावतही नाहीत आणि रागावतही नाहीत.

आणि हिज्कीयाचा प्रश्न शेजारच्या घरालाही विचारता येतो. किंबहुना त्या घरानेच तो स्वतःला विचारला आहे. माझ्या लहानपणी पंचमीला गारुडी दारोदार टोपली घेऊन येत. आपल्या पाथर्डी तालुक्यातील मढी, कानिफनाथांचे स्थान, हे भटक्यांची पंढरी म्हणून ओळखले जाते. नाथपंथाची छाया असलेल्या या फिरत्या लोकांच्या पोटाचा तो एक आधार होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या टोपलीतील नागाचे दात पाडलेले असत, आणि तहानेने व्याकूळ केलेला म्हणूनच तो दुधाला तोंड लावी. दूध हे सापाचे अन्न नव्हे. ते त्याला अपाय करते. ज्या दिवशी वारुळाला फाळ लागू द्यायचा नाही, त्याच दिवशी नागाचा असा छळ! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणे व बाळगणे गुन्हा ठरले. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे जिवंत नागांची पूजा व मिरवणूक पिढ्यान्‌पिढ्या होत असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१४ च्या सुमारास तीही थांबली. पुढे २०२५ मध्ये अभ्यास व प्रबोधन एवढ्यापुरती काही मर्यादित सूट केंद्राकडून मिळाली. शिराळ्याची आख्यायिका अशी की, एक गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत असल्याने गोरक्षनाथांना भिक्षा घालायला तिला उशीर झाला, तेव्हा त्यांनी मातीचा नाग जिवंत करून दाखवला. कायद्याने गावाला पुन्हा मातीच्या नागापाशी आणून सोडले, म्हणजे आख्यायिकेतील त्या गृहिणीपाशी. मला स्वतःला तिचीच पूजा अधिक शुद्ध वाटते, पण हे बोलण्याचा अधिकार शिराळकरांचा.

हे सारे आज लिहावेसे वाटले त्याला कारण आहे. आमच्या समाजात अलीकडे प्रार्थनेसाठी जमणाऱ्या काही मंडळींत एक भाषा रुजू लागली आहे : शेजाऱ्यांचे सण म्हणजे सैतानाचे काम, त्यांच्या घरचा घास विटाळाचा. या भाषेचा पुरस्कार करणाऱ्यांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची शिकवण कोणी सांगितलेली दिसत नाही. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसृत झालेल्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात हिंदू धर्माचा नावाने उल्लेख आहे, आणि अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असा त्याचा आशय आहे. आपण मराठी ख्रिस्ती कोठून आलो? आमच्या जिल्ह्यातील बहुतेक कॅथॉलिक घराणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर, जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंच्या काळापासून, ख्रिस्तमंदिरात आली. त्याआधीच्या पिढ्या याच गावांच्या वेशीबाहेर राहत होत्या, आणि गावाने त्यांना जे दिले ते सारेच गोड नव्हते. तो हिशोब मोठा आहे, आणि तो कोणी मांडला तर मी त्याला अडवणार नाही. परंतु आपले घर एक आणि माहेर एक आहे, हे तर खरे. आमच्या आजीने बाप्तिस्मा घेतल्यावर वारूळ सोडले, पंचमीला विळी मात्र कधी धरली नाही. कोणी विचारले तर म्हणे, "देवाची पूजा देवळात, पण आजच्या दिवशी जिवाला इजा नको." जुन्या फादरांनी तिला त्यासाठी कधी बोल लावल्याचे ऐकिवात नाही.

गेल्या वर्षीच्या पंचमीला माझ्या पुतण्याच्या दारी शेजारणीने झाकलेल्या ताटात दिंड आणले. वर्षानुवर्षे येते तसेच. पुतण्याने हात जोडून ते परत पाठवले; हे नागाला दाखवलेले आहे, आम्हाला चालत नाही, म्हणाला. शेजारीण हसली, बरं म्हणाली आणि गेली. नाताळात आमच्याकडून करंज्यांचे ताट गेले तेव्हा तिने ते घेतले, जागच्या जागी रिकामे केले, धुतले आणि रिकामेच परत दिले. ताट रिकामे परत द्यायचे नसते, चिमूटभर साखर तरी घालायची असते, हे तिला ठाऊक नव्हते असे नाही.

मी पुतण्याला विचारले तेव्हा त्याने संत पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र उघडले, दहावा अध्याय. हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले तर खाऊ नका, असे तेथे आहेच. मी त्याला पुढची ओळ वाचायला लावली. तेथे पौल म्हणतो ते विवेकबुद्धीसाठी, आणि लगेच स्पष्ट करतो की ती विवेकबुद्धी तुझी नव्हे, त्या दुसऱ्याची. मी म्हणाले, "बाळा, त्या बाईच्या मनाला काय लागलं? तू खाल्लं असतंस ते, की परत पाठवलंस ते? तिनं तुला पूजेला बोलावलं नव्हतं. पोरांना गोड खाऊ दे म्हणून आणलं होतं." त्याच पत्रातील आठवा अध्यायही मी त्याला दाखवला, ज्ञान माणसाला फुगवते, प्रीती उभारणी करते, हा त्याचा मथितार्थ. तो काही बोलला नाही. फादरांना विचारतो, एवढेच म्हणाला. विचारावे, त्याची शंका प्रामाणिक आहे, आणि जो आपल्या श्रद्धेविषयी इतका हळवा आहे त्याला हसण्याचे मला कारण नाही.

त्याची बायको मात्र श्रीरामपूरकडची, बोलायला कमी. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ती हातात वाटीभर साखर घेऊन शेजारणीच्या स्वयंपाकघरात गेली आणि वाफवताना दिंडाची घडी उलगडू नये म्हणून पारीच्या कडा कशा दाबायच्या, असे विचारून बसली. पंचमीला सात महिने होते. तासाभराने परत आली तेव्हा तिच्या हाताला कणीक लागलेली होती.